सासूबाईंची वीत

बंदराच्या धक्क्यावर माझ्या सासूबाईंना कुणी त्यांच्या नावानं हाक मारत नाही. तिथे त्या 'वीतवाली' आहेत. हे नाव ज्यांनी पाडलं त्यांनी ते चेष्टेनं पाडलं होतं, हे मी मुद्दाम सांगते. कारण आता तेच लोक "वीतवालीच्या मापाचा माल आहे" असं सांगून गिऱ्हाईक गटवतात आणि वर माझ्याकडे पाहून ओळखीचं हसतात.

झालं असं की, मी लग्न होऊन या घरात यायच्या खूप आधी इथल्या पाण्यातून बांगडा जवळजवळ नाहीसा झाला होता. माझे सासरे तेव्हा बोटीवर होते. सलग दोन वर्षं ते निम्मी टोपली घेऊन घरी यायचे. म्हातारे खलाशी समुद्राला बोल लावायचे, तरणे वाऱ्याला. आई (मी सासूबाईंना आईच म्हणते) मात्र रोज बाजारात बसून मासे साफ करायच्या आणि साफ करताना बघायच्या. त्यांना एक गोष्ट दिसली. बांगडा त्यांच्या वितीपेक्षा आखूड असला की पोटात कधी अंड्यांची गाभोळी निघत नसे. एकाही माशात नाही. म्हणजे त्यानं जन्मात एकदाही अंडी घातलेली नाहीत, आणि आपण त्याला पकडून, कापून, विकून मोकळे. मग पुढच्या वर्षी बांगडा येणार कुठून, हा साधा हिशेब त्यांनी कुणालाही न विचारता मांडला.

दुसऱ्या दिवसापासून त्या लिलावात क्रेटपाशी वाकायच्या, अंगठा माशाच्या तोंडाला टेकवायच्या आणि करंगळी शेपटीकडे ताणायच्या. मासा करंगळीच्या आत संपला तर "नको." बाहेर गेला तर बोली. गाभोळी भरायचे दोन महिने तर त्या बांगड्याला हातच लावत नसत, शिंपले आणि तारल्या विकत बसायच्या. धक्का हसून हसून लोळला. सासरेसुद्धा म्हणे महिनाभर घरात तोंड पाडून बसले होते, कारण सगळ्यात जास्त आखूड मासे त्यांच्याच बोटीचे निघायचे.

"मग त्यांनी काय केलं?" मी एकदा विचारलं.

"काय करणार? मोठ्या भोकांचं जाळं आणलं," आई म्हणाल्या. "घरात जेवायचं होतं ना त्यांना."

एका बोटीनं जाळं बदललं, मग दुसरीनं. आईंना माल विकायचा तर वीतभर मासा लागतो आणि आईंचं गिऱ्हाईक तर मोठं, असं करत करत आज आठ बोटी मोठ्या भोकांची जाळी वापरतात. यासाठी कुणी आईंचा सत्कार केलेला नाही. मला विचाराल तर करायला हवा होता. पण आईंना हार घातला असता तर त्यांनी फुलं कुठून आणली याची चौकशी केली असती.

दुकानावर त्या डॉक्टर नसून डॉक्टरकी करतात. पोटुशी बाई मुशी मागायला आली की तिला मुशी मिळत नाही. मुशी म्हणजे शार्कच. मोठा मासा लहान मासे खाऊन मोठा होतो आणि त्या सगळ्यांच्या अंगातला पारा स्वतःच्या अंगात साठवतो, हे मासळी खात्याच्या माणसानं एकदा तक्ते वाटून सांगितलं होतं. बाजारातल्या बाकीच्यांनी त्या तक्त्यांत मासे गुंडाळले, आईंनी आपला खिळा ठोकून लावला. "तू हा बांगडा ने. तेल चांगलं असतं याचं, पोराच्या डोक्याला बरं," असं सांगून त्या तिला वाटेला लावतात. आणि कुणी रोज मासे न्यायला लागलं तर त्यालाही बोलणी बसतात. "चार दिवस डाळ-भाजी खा की. रोज मासा खाल्लात तर समुद्राला सुट्टी कधी?" स्वतःच्या दुकानावरून गिऱ्हाईक परत पाठवणारी दुसरी बाई मी पाहिलेली नाही. गंमत म्हणजे ती गिऱ्हाइकं चार दिवसांनी निमूटपणे परत येतात.

आता हॉस्पिटलची गोष्ट. ती सुरू झाली माझ्यामुळेच.

दोन वर्षांपूर्वी मी बाळंतपणासाठी बाजाराच्या वरच्या अंगाला असलेल्या मोठ्या हॉस्पिटलात होते. दुसऱ्या दिवशी दुपारच्या ताटात पांढऱ्या माशाचे चौकोनी तुकडे आले. आईंनी एक तुकडा उचलला, वास घेतला, बोटांनी मोडला आणि माझ्या मांडीवरचं ताट उचलून चालू लागल्या. बाळंतिणीच्या वॉर्डात मुशी. मी भुकेली, नवरा गोंधळलेला, बाळ रडतंय आणि आई ताट घेऊन तळमजल्यावरच्या स्वयंपाकघरात. तिथल्या आहारतज्ज्ञ मॅडमना त्यांनी धारेवर धरलं. मॅडम चांगल्या होत्या. त्यांनी ऐकून घेतलं. मुशी का, तर गोठवलेली मिळते, काटे नसतात, तुकडे सारखे असतात, एवढंच कारण होतं.

"मी बांगड्याचे काटे काढून दाखवते," आई म्हणाल्या.

"एकशेऐंशी ताटांसाठी?"

"तुमच्या बायकांना शिकवते."

त्या दिवसापासून आईंनी ध्यास घेतला. दर महिन्याला त्या मॅडमना भेटायच्या. वरच्या साहेबांच्या सह्या व्हायला दोन वर्षं गेली, त्यात दोन साहेब बदलले. मधल्या काळात आईंनी स्वयंपाकघरातल्या दोघींना बांगडा पाठीकडून उघडून त्याचा मधला काटा अख्खा कसा ओढून काढायचा ते शिकवलं. शेवटी एक आठवड्याची चाचणी ठरली. सोमवारी सकाळी आठ वाजता चाळीस किलो बांगडा, वीतभर, त्याहून आखूड चालणार नाही, असं मॅडमनी आईंच्या सांगण्यावरूनच लिहून घेतलं. आठवडा नीट गेला तर हॉस्पिटलातून मुशी कायमची बंद. आईंना दुसरं काही नको होतं. एवढ्या आजाऱ्यांच्या ताटात नीट मासा पडावा आणि आठच्या दहा बोटी व्हाव्यात, बस्स.

आणि नेमकं त्याच्या आधीच्या गुरुवारी आईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. तारीख पुढे ढकला म्हटलं तर डॉक्टर ऐकेनात. डोळ्याला काळा चष्मा, दहा दिवस वाकायचं नाही, पाणी उडेल तिथे जायचं नाही, धक्क्याचं नाव काढायचं नाही. तेव्हा लिलावाला कोण जाणार? मी.

मी बुटांच्या दुकानात आठ वर्षं नोकरी केली आहे. लोकांचे पाय पट्टीवर ठेवून मोजणं हे माझं काम होतं. मापात मी चुकत नाही, असा माझा तोरा होता, आणि तो मी घरात पुरेपूर मिरवला होता. "तुम्ही झोपा निवांत," असं मी आईंना ऐकवलं. त्या म्हणाल्या, "फक्त वीतभर बघून घे." मी म्हटलं, "त्यात काय आहे?"

सोमवारी उजाडायला मी धक्क्यावर होते. ओला सिमेंटचा ओटा, त्यावर ओळीनं क्रेट, बर्फाची भुकटी पायाखाली करकरत होती. लिलाव पुकारणारा उंच, घशाचा पक्का माणूस, त्याला सगळे 'भोंगा' म्हणतात. त्यानं पहिला बांगड्याचा क्रेट पुढे ओढला. मी वाकले, अंगठा टेकवला, करंगळी ताणली. मासा बाहेर गेला. दुसरा, तिसरा, सगळे बाहेर. मी ऐटीत बोली लावली. भोंग्यानं माझ्या हाताकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि आवाज न करता हसला. मला वाटलं, नवखी असून बाई पटापट उरकते म्हणून हसला असेल. चाळीस किलो माल अर्ध्या तासात उचलला. आईंना दोन-दोन तास लागतात, हे मनात येऊन मी आणखी फुगले.

टेम्पोतून क्रेट घरी आणले. मागच्या फरशीवर ते धुवायचे, नवा बर्फ घालायचा आणि आठच्या आत हॉस्पिटल. आई काळा चष्मा लावून खुर्चीत बसल्या होत्या. त्यांना वाकायची मनाई होती, म्हणून मी एक क्रेट स्टुलावर ठेवला, तेवढंच त्यांचं समाधान. त्यांनी हात घातला. एक मासा मोजला. बाजूला ठेवला. दुसरा मोजला. मग पाच-सहा मोजले आणि थांबल्या.

"हे कुणी मोजलं?"

"मीच. एकेक मोजलाय."

"हात दे बघू."

मी ओला हात पुढे केला. त्यांनी माझा पंजा आपल्या पंजावर टेकवला. त्यांच्या पंजात माझा हात मावून वर दोन बोटांची जागा उरली. माझ्या हाताला लहान मुलींचे हातमोजे बसायचे, हे मला त्या क्षणी आठवलं. आईंचा हात म्हणजे रोज बर्फात आणि कोयत्यावर राबलेला, पुरुषांसारखा रुंद. मी माझ्या वितीनं मोजून चाळीस किलो पोरवयाचे मासे उचलून आणले होते. आणि आठ वर्षं पट्टीशिवाय एक पाय न मोजणारी मी, मला पट्टी घ्यायचं सुचलं नव्हतं. मला इतकी लाज वाटली की मी तिथेच ओल्या फरशीवर बसले.

नवरा दाराशी उभा होता. तो म्हणाला, "आई, आजच्या दिवस जाऊ दे. मॅडमना काय कळणार आहे? त्या कुठे वीत लावून बघणार आहेत? दोन वर्षं थांबलीस तू यासाठी."

मीही मनातून तेच म्हणत होते. खोटं कशाला बोलू.

"मॅडमना नाही कळणार," आई म्हणाल्या. "धक्क्याला कळलंय. भोंग्यानं सकाळीच सांगितलं असेल सगळ्यांना, वीतवालीच्या घरानं आखूड माल उचलला म्हणून. आता मी हा हॉस्पिटलात पोचवला तर उद्या आठच्या आठ बोटी बारीक भोकांची जाळी बाहेर काढतील. का नाही काढणार?" मग त्या उठल्या. "चल. मॅडमना भेटून येऊ."

"आई, डॉक्टरांनी..."

"हॉस्पिटलातच तर चाललोय."

साडेसातला आम्ही रिकाम्या हातांनी स्वयंपाकघरात पोचलो. मोठमोठी पातेली चढली होती, काटे काढायला शिकलेल्या दोघी सुऱ्या परजून तयार होत्या. आमच्या मागे क्रेट दिसेनात तशी मॅडमची मुद्रा बदलली. मी तोंड उघडणार, तोच आईंनी माझा दंड धरला.

"मॅडम, आज मासा नाही. माल आणला होता, पण मापाचा नाही. चूक माझी आहे."

मी म्हटलं, "नाही, मी आणला तो..."

"तू गप. इतकी वर्षं माप माझ्या हातात ठेवलं, दुसऱ्या कुणाला ते देऊन ठेवावं हे मला सुचलं नाही. म्हणजे चूक कुणाची?"

मी नोकरीत चार साहेब पाहिले. दुसऱ्याची चूक स्वतःच्या अंगावर घेणारा त्यात एकही नव्हता. मला रडू फुटायच्या बेतात होतं, आणि त्याच वेळी मला माझ्या सासूचा इतका अभिमान वाटला की तो कुठे ठेवू असं झालं.

मॅडम काही विरघळल्या नाहीत. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं आणि बायकांना डाळ वाढवायला नि अंडी उकडायला सांगितलं. मग आमच्याकडे वळल्या. "एकशेऐंशी लोकांचं जेवण असतं हो. साहेबांना मी काय सांगू? उद्या आठला माल दारात हवा. नाही आला तर मी पुन्हा गोठवलेल्याची ऑर्डर देणार, आणि मग मला भेटायला येऊ नका." चुकीचं काय बोलल्या त्या? काहीच नाही.

घरी आल्यावर त्या चाळीस किलोंचं काय करायचं, हा प्रश्न होता. मेलेला मासा पाण्यात सोडून पोहायला लागत नाही. आईंनी निकाल दिला. विकायचा नाही, फेकायचाही नाही. आपली चूक आपणच खायची. दिवसभर आम्ही तिघं मासे साफ करत होतो. आळीत घरोघर फुकट वाटला, प्रत्येक दारात "हा आखूड आहे, चुकून आलाय, असा विकत घेऊ नका" हे मला स्वतःच्या तोंडानं सांगायला लावलं. एकवीस घरं झाली. शेवटच्या घरात तर मी पढवलेल्या पोपटासारखी बोलत होते. उरलेला मीठ लावून वाळत घातला. पुढे कितीतरी आठवडे आमच्या ताटात तोच होता. नवरा दर घासाला "मी काय केलं होतं?" असं विचारायचा.

संध्याकाळी आईंनी मला हात पुढे करायला लावला. त्यांची वीत एका काठीवर घेतली, माझी त्याच काठीवर घेतली. मधलं अंतर माझ्याच बोटांनी मोजलं. अंगठ्याशेजारचं आणि मधलं बोट आडवं ठेवलं की अंतर भरायचं.

मी म्हटलं, "मग काठीच नेते की."

"काठी ने, पट्टी ने, काय हवं ते ने. पण लिलाव धावत असतो. काठी शोधेपर्यंत क्रेट दुसऱ्याच्या टेम्पोत जातो. हात कुठे शोधावा लागत नाही." मग त्यांनी वाळत घातलेले मासे एकेक काढून मला मोजायला लावले. एक वीत, दोन बोटं. पन्नासएक मोजल्यावर मला न मोजताही दिसायला लागलं.

मंगळवारी उजाडायला आई माझ्या आधी टेम्पोत जाऊन बसल्या होत्या. काळा चष्मा, डोक्यावरून पदर, त्यावर नवऱ्याची जुनी टोपी. मी शेजारी चढून बसले.

धक्क्यावर पोचलो तर व्हायचं तेच झालं होतं. ओट्यावरच्या क्रेटमध्ये कालच्यापेक्षा जास्त बारीक बांगडा. एक-दोन बोटींनी चोवीस तासांतच जुनी जाळी शोधून काढली होती. आई ओट्याच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या. त्यांचा आवाज मुळातच मोठा, त्या दिवशी तो पार बोटींपर्यंत गेला.

"काल माझ्या घरानं आखूड माल उचलला. चूक झाली. आम्ही तो विकला नाही, हॉस्पिटलची ऑर्डर कालच्या दिवस सोडली. माप होतं तेच आहे. ज्यांनी जाळी बदलली असतील त्यांनी परत बदला."

मोठी ऑर्डर हातातून सोडली, एवढं सगळ्यांनी ऐकलं. मग आई बाजूला जाऊन एका उलट्या टोपलीवर बसल्या आणि मला हातानं पुढे हो अशी खूण केली.

भोंग्यानं पहिला क्रेट ओढला. मी वाकले, वीत टाकली, दोन बोटं ठेवली. शेपटी बोटांखालीच संपली. तीन मासे पाहिले.

"नको."

दुसरा क्रेट. "नको." तिसरा. "नको." चाळीस किलो कुठून उभे करायचे आणि आठच्या आत कसे, हा हिशेब मी मनात करत होते. चौथ्या क्रेटमधले मासे अगदी काठावरचे होते. काही बोटांना शिवत होते, काही नव्हते. घेतले असते तर निम्मी काळजी मिटली असती. मी हात मागे घेतला.

"नको. यात भेसळ आहे."

भोंग्याचा धीर सुटला. काल हसला होता, आज वैतागला. त्यानं माझ्या डोक्यावरून टोपलीकडे मान वळवली. "वीतवाली, तुम्हीच बघा. तुमची सून सगळाच माल परत पाठवतेय. या क्रेटला काय झालंय, सांगा."

मीही वळून पाहिलं. आईंना तिथून क्रेट स्वच्छ दिसत होता. दुसरा डोळा त्यांचा उत्तम आहे, समोरच्या बोटीवरच्या माणसाची दाढी वाढलेली त्यांना दिसते. त्यांनी चष्मा नाकावर नीट बसवला.

"मला काय विचारतोस? मला डॉक्टरांनी बघायला मनाई केलीय," त्या म्हणाल्या. "तिला विचार."

भोंग्यानं तो क्रेट पायानं मागे सरकवला आणि लांबून आलेल्या दोन बोटींना आपले क्रेट पुढे आणायला सांगितलं. तो माल मोठा होता. मी वीत टाकली, दोन बोटं ठेवली, आणि शेपटी बाहेर राहिली.

पावणेआठला हॉस्पिटलच्या मागच्या दारात मी चाळीस किलो उतरवले, तेव्हा मॅडमनी पावतीवर लिहायला पेन काढून विचारलं, "माल कुणी पारखला म्हणून लिहू?" आई टेम्पोतूनच म्हणाल्या, "सुनेनं," आणि मी खाली सही केली.